सासऱ्याचं नाव आणि तीन नंबरची खिडकी

जिपाराचा आवाज लहानपणापासूनच बारीक. शाळेत ती हजेरी द्यायची आणि बाई मान वर करून पुन्हा तिचंच नाव पुकारायच्या. घरात पाच भावंडं, सगळी घसा ताणून बोलणारी. ही मधली. चहा हवा असला तरी पियाला पुढे सरकवून गप्प बसायची.

वडील मात्र तिला ओळखून होते. ते नारिनहून राजधानीला, बिश्केकला, ट्रक चालवत. सुट्टीत तिला शेजारी बसवून नेत आणि घाट चढेपर्यंत कोडी घालत. ती उत्तर पुटपुटायची. बहुतेक वेळा बरोबर असायचं, पण इंजिनाच्या घरघरीत ऐकू कुठून येणार? "ओठांवरून कळलं," असं म्हणून वडील पुढचं कोडं घालायचे.

अशी ही मुलगी बिश्केकला कॉलेजात गेली, बँकेचा अभ्यासक्रम घेतला, आणि तिसऱ्या वर्षाच्या उन्हाळ्यात इंटर्नशिपसाठी आमच्या कोचकोर गावच्याच बँकेत येऊन दाखल झाली. वडिलांना कोण आनंद! घाटातल्या प्रत्येक चहाच्या टपरीवर त्यांनी सांगून टाकलं, "माझी पोर बँकेत खिडकीवर बसते."

खिडकी कसली! ती दाराशी टोकनच्या मशीनपाशी उभी असायची. गावोगावची म्हातारी माणसं यायची, मशीनकडे संशयानं बघायची. जिपारा बटण दाबून चिठ्ठी हातात द्यायची. घरी तिनं वडिलांना खरं सांगितलं नाही, आणि खोटंही सांगितलं नाही. फक्त रोज सकाळी वेणी घालताना मनात म्हणायची, उन्हाळा संपायच्या आत एकदा तरी त्या काचेमागे बसायला मिळू दे.

ते होतं दमिरा एजेंच्या, म्हणजे दमिराताईंच्या, हातात. त्या मुख्य कॅशियर. भरल्या अंगाच्या, सोन्याच्या दातांच्या, जिभेला धार. पहिल्याच दिवशी त्यांनी जिपाराला विचारलं, "नाव काय?" तिनं सांगितलं. त्यांनी पुन्हा विचारलं. तिनं पुन्हा सांगितलं.

"पोरी, तू बोलतेयस की श्वास घेतेयस? खिडकीवर बसायला गळा लागतो. तुझा आवाज त्या काचेतच अडकून मरेल."

झालं, मशीन नशिबी आलं.

दमिरा एजेंची एक गंमत मात्र जिपाराच्या लक्षात राहिली होती. रोकड ठेवायच्या खोलीला जाडजूड लोखंडी दार होतं. सगळे त्याला लोखंडी दार म्हणायचे. एजे मात्र "थंड दार" म्हणायच्या. "थंड दार ओढून घेतलंस का?" "थंड दाराची किल्ली कुणी नेली?" दारावरचा पहारेकरी तोंड फिरवून हसायचा. आत गारठा असतो म्हणून म्हणत असतील, असं जिपाराला वाटायचं.

मग एके दिवशी चिनाराच्या भावानं नवरी आणली. चिनारा तीन नंबरच्या खिडकीवर बसायची. परदेशी कामाला गेलेली मुलं घरी पैसे पाठवतात, ते तिथे मिळायचे. ती सकाळीच फोन करून मोकळी झाली, आज येत नाही म्हणून. रांग दारापर्यंत आलेली. दमिरा एजेंनी चारी दिशांना पाहिलं आणि शेवटी मशीनकडे बोट केलं.

"तू. बस जा. काम येतंय ना? पण एक लक्षात ठेव. मला एकदा जरी हाक मारलीस, तर उठायचं आणि सरळ मशीनपाशी."

जिपाराचे पाय हलके झाले. खुर्ची उंच करून घेतली, वेणी पाठीवर टाकली आणि बसली. पहिला माणूस सुरळीत गेला. दुसरी बाई म्हणाली, "अगं, मोठ्यानं बोल," पण तीही गेली. मग अनारकुल अपा, गावाकडच्या एक आजी, आल्या.

डोक्यावर पांढरा रुमाल, हातात रिकामी पिशवी, चेहरा नुसता फुललेला. "पोरी, नातवानं पैसे पाठवलेत. उद्या त्याच्या लेकीला पाळण्यात घालायचंय. जेवणावळीसाठी शेळी ठरवून आलेय, शेळीवाला थांबलाय, आणि गावाची गाडी दुपारी सुटते. दे लवकर."

जिपारानं पासपोर्ट घेतला. सगळं ठीक होतं. एकच गोष्ट राहिली. त्या उन्हाळ्यात मुख्य कचेरीतून नवा नियम आला होता: पाठवणाऱ्याचं पूर्ण नाव घेणाऱ्यानं स्वतःच्या तोंडानं सांगायचं. आपण सुचवायचं नाही.

"अपा, पाठवणाऱ्याचं नाव?"

"अदिलेत. माझा नातू."

"आणि आडनाव?"

अपांनी काचेपलीकडच्या पडद्याकडे बोट केलं. "आडनाव तुझ्यासमोर लिहिलंय की."

"हो, पण तुम्ही म्हणायला हवं."

"मी कशी म्हणू गं? ते माझ्या सासऱ्याचं नाव आहे."

मागे उंच टोपीवाले उस्कोन बाइके, म्हणजे उस्कोनदादा, उभे होते. ते रांगेकडे वळून म्हणाले, "घ्या! आता बसा संध्याकाळपर्यंत. अपा, सासरे जाऊन चाळीस वर्षं झाली की! ते कुठे ऐकायला येतायत?"

"आणि आले तर? तू मध्ये उभा राहशील का?" अपा म्हणाल्या. "सून म्हणून उंबरा ओलांडला त्या दिवसापासून हे नाव या तोंडातून गेलेलं नाही. आता शेळीसाठी घालवू होय?"

"मग लिहून द्या."

"हात काय माहेरचा आहे?"

रांग हसली. जिपारालाही हसू आलं. तिनं काचेला तोंड लावून विचारलं, "अपा, मग घरी त्या नावाच्या वस्तूला काय म्हणता?"

अपांचे डोळे चमकले. जुना खेळ होता हा, त्यांना पाठ. "काळं असतं. आगीत लाल होतं. हातोड्याचा मार खातं, तेव्हा घोड्याच्या पायात जातं."

कोडं चोख जुळलं. लोखंड. आमच्या बोलीत लोखंडाला तेमिर म्हणतात, आणि पडद्यावर स्वच्छ लिहिलं होतं: अदिलेत तेमिरॉव.

एक बटण दाबायचं होतं. कुणी विचारणार नव्हतं. पण अपांनी नाव घेतलं नव्हतं, आणि नियम नाव घ्यायचा होता. कोड्याबद्दल नियमात काही नव्हतं. परत पाठवावं, तर शेळी गेली, गाडी गेली, पाळण्याचा समारंभ गेला. तिसरी वाट एकच. असं नाव अडलं, तर मुख्य कॅशियरनं बिश्केकला फोन करून स्वतः घेणाऱ्याचं आणि पाठवणाऱ्याचं नाव सांगायचं आणि हमी द्यायची.

म्हणजे दमिरा एजेंना हाक मारायची. म्हणजे मशीन.

जिपारानं अपांच्या हातातल्या रिकाम्या पिशवीकडे पाहिलं आणि हात वर केला. "एजे!"

ऐकू गेलं नाही. उस्कोन बाइकेंनीच आरोळी ठोकली, "ए दमिरा! तुझी पोर बोलावतेय!"

एजे आल्या त्या कपाळाला आठ्या घालूनच. हकीकत ऐकली आणि आधी जिपाराकडे बघून म्हणाल्या, "एवढीच धाव?" मग अपांकडे वळल्या. "अपा, कोणत्या जमान्यात राहता? इथे कॉम्प्युटर आहेत. एक शब्द बोलायला जीभ झिजते का तुमची?"

"झिजत नाही. लाजते," अपा म्हणाल्या.

एजेंनी सुस्कारा सोडून फोन लावला. पलीकडचा पोरगा एवढा खणखणीत बोलत होता की सगळ्या रांगेला ऐकू येत होतं. घेणाऱ्या बाईंचं नाव झालं. मग तो म्हणाला, "पाठवणारा?"

"अदिलेत..." एजेंनी पडद्याकडे पाहिलं.

"अदिलेत काय?"

एजे मानेपासून कानापर्यंत लाल झाल्या.

"एजे, ऐकू येत नाही. अदिलेत काय?"

"अदिलेत... ते... थंड..."

जिपाराच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. थंड दार! गारठ्याचा काही संबंध नव्हता. एजेंच्या सासऱ्यांचं नावही तेच, नाहीतर त्यातलंच काहीतरी. म्हणून इतकी वर्षं या बाईच्या तोंडात लोखंड कधी आलंच नाही.

अनारकुल अपा काचेला नाक लावून बघत होत्या. "तुझेपण?"

"सासरे," एजे पुटपुटल्या.

"आहेत?"

"आहेत. घरी. माझ्या हातचा चहा पितात रोज."

"मग बोल ना! कॉम्प्युटर आहे की!"

रांग फुटली. उस्कोन बाइकेंनी टोपी काढून डोळे पुसले. पहारेकरी भिंतीला टेकून खाली बसला. फोनमधला पोरगा "हॅलो, हॅलो" करत होता. दमिरा एजेही शेवटी हसायला लागल्या, सगळे सोन्याचे दात दाखवत. त्यांनी फोन जिपाराच्या हातात कोंबला.

"तुला सासर नाही. तुझी जीभ मोकळी आहे. सांग त्याला. आणि खबरदार पुटपुटलीस तर!"

जिपारानं श्वास घेतला. पाच भावंडांत साठवून ठेवलेला, इंजिनाच्या घरघरीत वाया गेलेला सगळा आवाज जणू एकदम वर आला.

"तेमिरॉव! अदिलेत तेमिरॉव!"

काच थरथरली. आणि त्या नावासरशी काचेच्या अलीकडे दमिरा एजे आणि पलीकडे अनारकुल अपा, दोघीही सवयीनं गुडघ्यावर हात ठेवून सुनांसारख्या वाकल्या. दोघींनी एकमेकींना वाकलेलं पाहिलं, आणि पुन्हा हशा.

"कोण बोलतंय?" फोनमधून विचारणा झाली.

जिपारानं एजेंकडे पाहिलं. एजे छताकडे बघत होत्या.

"तीन नंबरच्या खिडकीवरून जिपारा बोलतेय!"

"बरं, बरं. दमिरा एजे हमी देतायत ना?"

"देते!" एजे लांबून ओरडल्या.

"ठीक आहे, पैसे द्या. आणि जिपारा, जरा हळू बोलत जा हो, कान बसला माझा."

अपांनी पैसे न मोजताच पिशवीत टाकले. मग आशीर्वाद द्यायला दोन्ही तळवे उघडून धरले. रांगेतल्या सगळ्यांनी तसेच धरले. "पोरी, तुला चांगलं घर मिळो," त्या म्हणाल्या, "आणि असा सासरा मिळो, ज्याच्या नावाची वस्तू ना चुलीत लागो, ना बाजारात, ना बँकेत!" सगळ्यांनी तळवे चेहऱ्यावरून फिरवले. अपा शेळीवाल्याकडे पळत सुटल्या, म्हातारपण विसरून.

जिपारा खुर्चीवरून उठली. ठरल्याप्रमाणे मशीनकडे निघाली.

"कुठे चाललीस?" दमिरा एजे म्हणाल्या.

"तुम्हाला हाक मारली ना."

"मला कुठे ऐकू आली? उस्कोन बाइकेंनी मारली. त्यांना पाठव मशीनपाशी. तू बस."

दुसऱ्या दिवशी चिनारा परतली, तर तिला पाच नंबर मिळाला. कारण बातमी गावोगाव पोचली होती: बँकेत एक बिनसासरची पोर बसलीय, तिला कोडं घातलं की ती तुमच्यासाठी नाव घेते. उन्हाळाभर पांढरे रुमाल तीन नंबरच्याच रांगेत. दर वेळी बिश्केकला फोन, दर वेळी एजेंची हमी. फोनमधला पोरगा तर पुढेपुढे स्वतःच विचारू लागला, "आज कोडं काय होतं?" जिपाराचे वडील एकदा ट्रक बाहेर उभा करून आत डोकावले, तेव्हा काचेपलीकडे एक आजीबाई सांगत होत्या, "बघ हं पोरी, रविवार संपला, पण मंगळवार काही उजाडला नाही..."

"सोमवार! सोमवारचा तो दुयशोनबेक!" जिपारा ओरडली, आणि दाराशी उभ्या असलेल्या वडिलांनाही ते ऐकू गेलं.