खांब कुठे फळतो?

आमच्याकडे भाचीला वळण लावायचं काम आईचं नसतं, आत्याचं असतं. भाऊ पोरगी जन्माला घालून मोकळा होतो आणि पुढे ती वाकडी निघाली की गाव आत्याचं नाव घेतं. माझ्या भाचीच्या, नांतोंगोच्या पायी माझं नाव गावानं भरपूर घेतलं.

बाईनं झाडावर चढायचं नाही, हे ती चालायला लागली तेव्हापासून मी तिला शिकवत होते. बाई चढली की झाड फळायचं थांबतं. ही बया मात्र माझ्याच अंगणातल्या फणसावर सापडायची. मी खालून शिव्या घालायची आणि ती वरून मसाका शहराच्या रस्त्यानं कोण येतंय ते सांगायची. एका वर्षी फणस धरला नाही, तर सगळ्यांनी तिच्याकडे बोट दाखवलं. त्या वर्षी गावात कुणाचाच फणस धरला नव्हता, पण एवढा विचार करतो कोण.

शाळा संपल्यावर तिनं मसाक्याला विजेच्या तारांचं काम शिकायला नाव घातलं. परीक्षा म्हणजे लाकडी खांबावर चढून दाखवायचं. दोन तगडे मुलगे अर्ध्यातून उतरले, आमची थेट शेंड्याला पोचली. आमच्या जिल्ह्यात खांबावर चढणारी ती पहिली बाई. घरी आली तेव्हा मी दार अडवून उभी होते.

"तुला मी काय शिकवलं होतं?"

तिनं रीतीप्रमाणे माझ्यापुढे गुडघे टेकले. रीतीला पोरगी कधी चुकायची नाही, तीच तर पंचाईत. "बाई चढली की झाड फळत नाही, हे शिकवलंस. पण आत्या, खांब कुठे फळतो?"

मला हसू फुटलं, ते लपवायला मी चुलीकडे वळले.

माझा तिच्यावर जीव आहे, उगाच आडपडदा कशाला ठेवू. वादळ झालं की सगळी माणसं घरात शिरायची आणि ही बाहेर पडायची. तारा जोडून परत यायची ती केसांत पाला घेऊन, आणि शेंगदाण्याच्या कालवणाबरोबर भांडंभर मातोके, म्हणजे शिजवलेली हिरवी केळी, संपवायची. ती येईपर्यंत माझ्या घशाखाली घास उतरायचा नाही.

कोंबड्यांचं खाद्य विकणारा मुकिबी तिला पहिल्यांदा भेटला, तेव्हा ती त्याच्या दुकानापुढच्या खांबावर होती. बिचारा मान वर करून इतका वेळ उभा राहिला, की गिऱ्हाईक कंटाळून निघून गेलं. पुढे दोघांचं जमलं. अडचण होती त्याच्या आजीची; आजीला आम्ही जज्जा म्हणतो. आईबापांमागे तिनंच त्याला वाढवलं होतं आणि तिच्या शब्दाबाहेर तो जाणार नव्हता. आजी अशी कडक, की शीळ घातली म्हणून तिनं आपल्या नातीला झोडपलं होतं.

"पोरगी ऑफिसात बसते असं सांगायचं," माझ्या भावानं फर्मान काढलं. "कोंबडा हातात पडेपर्यंत कुणी तोंड उघडायचं नाही."

मागणी घालायला आलेले लोक मुलीच्या भावाला कोंबडा देतात, तेव्हा लग्न पक्कं. तोवर काहीही फिसकटू शकतं. नांतोंगोला मुकिबी हवा होता, आणि खोटंही नको होतं. रात्रभर ती कूस बदलत होती.

मागणीच्या दिवशी मांडव भरला. आमच्या बाजूनं बोलायला आणलेला माणूस चांगलाच रंगात आला. "आमची मुलगी इतकी नाजूक," तो म्हणाला, "की खुर्चीवरून उतरायलासुद्धा तिला हात द्यावा लागतो." आमचं सगळं गाव एकदम खोकायला लागलं.

नांतोंगो टोकदार खांद्यांची नवी गोमेसी घालून आली आणि आजीपुढे गुडघे टेकून बसली. आजीनं तिचा हात हातात घेतला. मग तळवा उलटा करून घट्टे चाचपले.

"ऑफिसातल्या खुर्चीला काटे असतात वाटतं?"

मुकिबीनं मान खाली घातली. मी पुढे सरसावले. "केळी सोलून सोलून हो, जज्जा, घरात एवढी माणसं..."

"आत्या, राहू दे," नांतोंगो म्हणाली. "जज्जा, मी विजेच्या खांबांवर चढते. आधी फणसावर चढायची."

पाहुण्यांनी आणलेला कोंबडा मांडवात ओरडला. भावानं माझ्याकडे असं पाहिलं, जसं काही ते मीच बोलले होते.

आजीनं हात सोडला नव्हता. "मी लहानपणी आंब्यावर चढले होते," ती म्हणाली. "अर्ध्यावर होते, तेवढ्यात भावानं पाय धरून मला खाली ओढलं. वर मार बसला तो वेगळाच. तो म्हणायचा, शेंड्यावरून तळं दिसतं." ती पुढे वाकली. "खरंच दिसतं का गं?"

"दिसतं," नांतोंगो म्हणाली. "तुमच्या गावची तार मीच ओढली. सकाळी तळं चांदीसारखं दिसतं. आणि तुमच्या घराचा पत्रा पण दिसतो. चुलीच्या बाजूनं पार गंजलाय."

आजी गर्रकन नातवाकडे वळली. "ऐकलंस? गळतंय म्हणून घसा कोरडा केला मी. हा म्हणतो, जज्जा, तुला भास होतात!" मग माझ्या भावाकडे पाहून म्हणाली, "मुलीच्या भावाला बोलवा. कोंबडा घ्या म्हणावं. पाऊस यायच्या आत मला ही पोरगी घरात हवी."

माझे डोळे भरून आले. लपवायला चूल जवळ नव्हती, म्हणून तशीच रडले.

पाहुणे गेल्यावर मी नांतोंगोला बाजूला घेतलं. "माझा पत्रा कसा आहे?"

"शाबूत आहे, आत्या. पण तुझ्या फणसाला पार वर दोन फळं पिकून कावळ्यांच्या तोंडी चाललीत. खालून दिसत नाहीत."

अंगणात अजून गावातली माणसं बसली होती. मी त्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "मग चढ की. पण आधी गोमेसी बदल, नवी आहे."