पांढऱ्या चादरींचा फोटो

लाँड्रीवाल्या काकूंचा फोटो कंपनीच्या मोठ्या फलकावर लागणार, हे कळल्यापासून काकूंचे पाय जमिनीवर ठरत नव्हते. खाण कंपनीच्या प्रसिद्धी खात्याचे साहेब स्वतः दुकानात येऊन सांगून गेले होते. वर ‘आमची खाण, स्वच्छ हवा’ अशी अक्षरं, आणि खाली शुभ्र चादरींपुढे हसणाऱ्या काकू. काकूंचा कंपनीवर तसा राग नव्हताच. खाणीच्या धुळीने सगळ्यांचे कपडे मळत, म्हणून तर लाँड्री जोरात होती.

ठरल्या दिवशी काकूंनी चादरी धुतल्या, नीळ दिली आणि दोरीवर ताणून घातल्या. फोटोग्राफरचा कॅमेरा लागेपर्यंत त्यांच्यावर तांबूस झाक आली. पुन्हा धुतल्या, पुन्हा तेच. पिळून पिळून काकांचे दंड भरून आले. साहेबांनी खाणीत फोन करून काम जरा थांबवायला सांगितलं. तिकडून काय ऐकायला मिळालं कोण जाणे, त्यांचे कान मात्र लाल झाले.

शेवटी कंपनीच्या गाडीत काका-काकू, चादरी, दोरी, चिमटे असं सगळं कोंबून साहेबांनी टेकडीपलीकडचं गाव गाठलं. तिथे खाणीचं वारं पोचत नव्हतं. फोटो झकास आला. साहेब निघायची घाई करू लागले, पण काकू दोरीपासून हलेनात. चादर गालाला लावत, उन्हात धरून बघत त्या लहान मुलीसारख्या हरखल्या होत्या.

“अहो, आपण इथेच दुकान टाकू या,” त्या काकांना म्हणाल्या.

“इथे कपडे मळतात कुठे?”

“मळतील तेवढे मळतील. पण धुतलेलं धुतलेलं राहील. तेच तेच धुऊन जीव विटलाय माझा.”

परतताना काकांनीच एका बंद गाळ्याची चौकशी केली.

महिन्याभरात बिऱ्हाड हललं. कंपनीच्या वार्षिक पुस्तकात छापून आलं, की कंपनीने एका कुटुंबाला नव्या गावात उभं केलं. जुन्या घराशेजारीच राहणाऱ्या नणंदेचा फोन आला. फलक खाणीच्या फाटकावर लागला होता, काकू त्यात अगदी नटीसारख्या दिसत होत्या, आणि तो धुवायला कंपनीची दोन माणसं रोज शिडी लावत होती.

काकू हसून हसून बेजार झाल्या. मग डोळे पुसत म्हणाल्या, “वन्सं, फोटोचं राहू द्या. आमच्या शेजारची खोली रिकामी आहे, तुम्ही कधी येताय?”