नात बारीक झाली तेव्हा

नोवेथू शाळेत साडेतीनशे पोरांसाठी रांधायची, पण स्वतःच्या नातीला, सिनाझोला, तिने त्या पातेल्यातला घास कधी खाऊ दिला नाही. भरडलेला मका, घेवडा, कोबी आणि बुधवारी मासे, असं ते जेवण. नोवेथूच्या हाताला चवही अशी की मास्तरणी डबा घरी ठेवून यायच्या. पण सिनाझोने ताट घेऊन रांगेत उभं राहायचं? छे! "ज्यांच्या घरी चूल पेटत नाही त्यांच्यासाठी आहे ते," नोवेथू म्हणायची, "आमच्या पोरीला काय कमी पडलंय?"

मग सिनाझो मधल्या सुट्टीत फाटकाबाहेर जायची. तिथे एक बाई अर्धा पाव पोखरून त्यात तळलेले बटाटे ठासायची, वर लाल सॉसेज ठेवायची. सोबत हिरव्या रंगाचं गोड फसफसतं पाणी. घरी आल्यावर चहात चार चमचे साखर, आणि मैद्याचे तळलेले गोळे, अमाग्विन्या, तेल निथळायच्या आत तोंडात. अकराव्या वर्षी पोरीचं वजन एकोणऐंशी किलो होतं, आणि नोवेथूला त्याचा अभिमान होता. दक्षिण आफ्रिकेतल्या म्दांत्साने वस्तीच्या त्या गल्लीत हा अभिमान कुणालाच वेडेपणा वाटला नसता.

कारण सिनाझोची आई लिंडेल्वा हाडं मोजून घ्यावीत अशी होऊन गेली होती. त्या वर्षांत गल्लीत घराआड एक माणूस तसंच गेलं, आणि एड्स हे नाव कुणीच घेतलं नाही. नोवेथूनेही नाही घेतलं. तिने सगळ्यांना सांगितलं, पोरीला क्षय झालाय. लोकांनी माना डोलावल्या आणि तिच्या घरचा चहा प्यायचं सोडलं. लिंडेल्वाला पुरलं त्या दिवशी दीड वर्षाची सिनाझो मांडीवर होती. तिला तपासलं होतं, तिच्यात काही निघालं नव्हतं, पण तपासणीचा कागद काय कपाळावर चिकटवून फिरायचा? नोवेथूने वेगळी सोय केली. या पोरीचं एक हाड कुणाला दिसता कामा नये, एवढं तिने मनाशी ठरवलं आणि नऊ वर्षं इमानेइतबारे पाळलं. पोर गुबगुबीत झाली तशा बायका परत चहाला यायला लागल्या. गल्लीचा न्याय हा असा होता.

मग एक दिवस सिनाझो शाळेत चक्कर येऊन पडली. दवाखान्यातल्या सिस्टर बुयिस्वाने बोटातून रक्त काढलं, मानेवरचे काळे पट्टे बघितले आणि नोवेथूकडे वळली.

"आजी, हिच्या रक्तात साखर आहे."

"म्हाताऱ्यांना होते ती?"

"तीच. तुम्ही तिला खायला काय घालता?"

नोवेथूने सांगितलं. सांगताना तिला वाटत होतं, सिस्टर म्हणेल, वा, किती काळजी घेता! सिस्टरने पेनच खाली ठेवलं.

"आणि शाळेत तुम्ही काय रांधता?"

"मका, घेवडा, भाजी."

"मग तेच घाला ना हिला! परक्यांच्या पोरांना अमृत आणि नातीला विष, हा कुठला हिशोब? असंच चाललं तर विशीच्या आत डोळे जातील, मूत्रपिंडं जातील. वजन उतरलं तर अजून सगळं सावरता येईल."

नोवेथू रडली, भांडली, पण घरी आल्यावर तिने तेलाचा डबा शेजारी देऊन टाकला. ती हट्टी बाई होती, आणि हट्टाला यावेळी बरी दिशा मिळाली. सिनाझो रांगेत उभी राहून घेवडा खायला लागली. आठ दिवस तिने तोंड वाकडं केलं, नवव्या दिवशी दुसऱ्यांदा ताट पुढे केलं. शनिवारी दोघी ओढ्याकाठी जाऊन रानभाजी खुडायच्या आणि मक्याच्या पिठात शिजवायच्या. पाच महिन्यांत अकरा किलो उतरले. पोर जिना न थांबता चढायला लागली, शाळेच्या नेटबॉलच्या संघात तिचं नाव आलं. "आजी, आज मी धावले आणि मला दम लागला नाही!" हे ती दारातूनच ओरडली होती. नोवेथूच्या आयुष्यात इतके चांगले पाच महिने आधी कधी आले नव्हते, आणि पुढे तर नाहीच.

गुरुवारी चर्चच्या बायकांची प्रार्थना तिच्या घरी होती. लाल ब्लाउज, पांढऱ्या टोप्या, गाणी, सगळं यथासांग झालं. मग सिनाझो चहाचा ट्रे घेऊन आली. जुना झगा तिच्या अंगावर ढगळ झाला होता, खांद्याचं हाड जरासं वर आलं होतं. बायकांनी आधी तिच्याकडे बघितलं, मग एकमेकींकडे.

"मी आत्ताच घरून पिऊन आले गं," शेजारची मामटोलो म्हणाली. दुसरीला पित्त झालं होतं. तिसरीने कप घेतला आणि तसाच खुर्चीखाली ठेवला. अकरा कप भरलेले परत गेले.

मामटोलो मागे थांबली. बाई वाईट नव्हती, म्हणून तर तिचं बोलणं जास्त लागलं.

"नोवेथू, आता सरकारी गोळ्या चांगल्या मिळतात. पोरीला वेळेवर सुरू कर. लाजू नकोस."

"तिला साखर आहे, मामटोलो! सिस्टरनेच सांगितलं वजन उतरवायला."

"असेल बाई, असेल."

"देवाशपथ सांगते!"

"लिंडेल्वाच्या वेळी क्षय होता ना?" मामटोलो अगदी हळू म्हणाली. "तेव्हाही तू देवाचीच शपथ घेतली होतीस."

एक खोटं बोलून नोवेथूने लेकीची अब्रू झाकली होती, आणि आता नातीचं खरं कुणी ऐकायला तयार नव्हतं. पुढच्या सोमवारी सिनाझो शाळेतून आली ती दप्तर फेकून कोपऱ्यात बसली. संघातल्या पोरी तिच्या बाटलीतलं पाणी पीत नव्हत्या. तुझ्या आईचा रोग तुला लागलाय, असं एकीने तोंडावर सांगितलं होतं.

नोवेथू उठली, शेजारून तेल मागून आणलं आणि मैदा मळायला बसली.

"आजी, सिस्टर नाही म्हणालीये."

"सिस्टर या गल्लीत राहते का? तिला काय जातंय बोलायला? खा!"

सिनाझोने पहिला गोळा रडत खाल्ला. पाचव्याच्या वेळी ती रडत नव्हती.

वर्षभरात ती अठ्ठ्याऐंशीवर गेली. नेटबॉल सुटलं, जिना सुटला. सिस्टर बुयिस्वा या खेपेला ओरडली नाही, आणि नोवेथूला तेच भयंकर वाटलं. सिस्टरने टेबलावर इंजेक्शनं मांडली, रोज दोनदा पोटात कशी टोचायची ते दाखवलं, मूत्रपिंडं बिघडायला लागलीत, लघवीतून काहीतरी जायला लागलंय म्हणाली.

"सिस्टर," नोवेथूने विचारलं, "लोकांना दिसणार नाही असं काही नाही का? इंजेक्शन बघितलं की गल्ली भलतंच समजेल."

"आजी, तुम्हाला पोर जगवायचीये की गल्ली?"

नोवेथूने इंजेक्शनांचं पुडकं ब्लाउजच्या आत, पार खाली खोचलं आणि ती नातीला घेऊन निघाली. चढावर सिनाझो दर वीस पावलांना थांबत होती, तोंड उघडं टाकून दम खात होती. मामटोलो दारात मटार सोलत बसली होती. ती उठून फाटकापाशी आली आणि तिने सिनाझोचा गाल मायेने चिमटीत धरला.

"बघ, आता कशी दिसते! आता शोभते तुझ्या घरची. ये नोवेथू, चहा टाकते."

नोवेथूला आनंद झाला. स्वतःची किळस यावी इतका आनंद झाला, आणि ती चहा प्यायला आत गेली.