क्विरिनच्या नावाची शिळा

आमच्या गावात क्विरिन लाउबर दोन होते. एक पाव भाजायचा, दुसरा चर्चच्या भिंतीत होता. माणूस मात्र एकच, हीच तर पंचाईत.

लढाईत क्विरिन रशियनांच्या हाती लागला. सायबेरियातून ना पत्र ना पत्ता. लष्कराने 'गेला' म्हणून कळवून टाकलं. लढाई संपल्यावर गावाने गेलेल्या प्रत्येक पोराच्या नावाची एकेक शिळा भिंतीत बसवली, त्यात याचीही बसली. आणि वर्षभराने हा पठ्ठ्या छातीपर्यंत दाढी घेऊन स्टेशनवरून चालत आला! पहिला प्रश्न काय, तर "वाल्ली कुठाय?"

वाल्ली ही ओट्टमार पाथरवटाची एकुलती एक लेक, आणि त्या सगळ्या शिळा ओट्टमारनेच कोरलेल्या. क्विरिन दाढी करून मागणी घालायला गेला, तर म्हातारा छिन्नी खाली न ठेवताच म्हणाला, "शिळेवर नाव असलेल्या माणसाला मुलगी देऊ? म्हणजे पोरगी आधी विधवा आणि मग नवरी?"

"मग शिळा काढा ना, मास्तर!"

"माझा दगड खोटं बोलत नाही."

खरं दुखणं वेगळं होतं. पाथरवटांची एक जुनी रीत आहे. एखादा दगड चुकला की त्याला तिरडीवर घालून त्याची अंत्ययात्रा काढायची, ज्याने चुकवला त्याने मागून गळा काढून रडत चालायचं, आणि शेवटी दगड फोडून पुरायचा. अशा दगडाला ते बेर्नहार्ड म्हणतात, का ते त्यांनाच ठाऊक. ओट्टमार उमेदवारीत असताना इतरांच्या बेर्नहार्डांमागे पोट धरधरून हसला होता. त्याचा स्वतःचा एकही निघाला नव्हता, आणि साठीनंतर पहिला काढायची त्याची तयारी नव्हती.

वर्षं गेली. नोव्हेंबरात मृतांच्या दिवशी क्विरिन स्वतःच्या शिळेखाली फुलं ठेवायचा. "दुसरं कोण ठेवणार? मेलेल्याला नातेवाईक लागतात," म्हणायचा, आणि सगळ्यांना हसवायचा. वाल्ली हसायची नाही. पळून जा असं मीच तिला सुचवलं, तर म्हणाली, "आणि बाबांचं कोण बघणार, थेकलामावशी? तुम्ही?" देवा रे, मी नाही.

मी आमच्या थिएटरातली प्रॉम्प्टर. रंगमंचाच्या पुढच्या काठाला एक खोपटं असतं, त्यात बसून नटांना विसरलेली वाक्यं पुरवते. तिथून बूट तेवढे नीट दिसतात, म्हणून मी माणसं बुटांवरून ओळखते. क्विरिन संध्याकाळी आमच्याकडे गर्दीतली कामं करायचा. कधी शेतकरी, कधी दरबारी, टाचा मात्र कायम पिठाने पांढऱ्या.

त्या शरदात बर्लिनहून झांडर नावाचा कोवळा दिग्दर्शक आला आणि सोबत एक नवीन तऱ्हेचं नाटक घेऊन आला. एका घड्याळजीला लष्कर धरून नेतं, कुठल्याशा हरवलेल्या शिपायाची टोपी त्याच्या डोक्यावर चढवतं, आणि होता होता तो त्या शिपायाच्याच नावाला ओ देऊ लागतो. शेवटी हजेरीत त्याचं स्वतःचं नाव पुकारलं जातं, आणि तो गप्प उभा राहतो. संपलं नाटक. मला विचाराल तर भलतंच उदास, पण झांडरला त्याहून उदास हवं होतं. त्या शेवटच्या हजेरीत गावाच्या भिंतीवरची खरी नावं वाचायची आणि प्रत्येक नावानंतर शांतता पाळायची, असं त्याने ठरवलं. पाद्रीबुवांची परवानगी घेतली, पण तालमीत नावं वाचली नाहीत. "परिणाम ताजा राहायला हवा," म्हणे. त्यातला एक जण त्याच्याच शिपायांच्या रांगेत उभा आहे, हे परगावच्या माणसाला कोण सांगणार? आणि आमच्याही कुणाच्या ते डोक्यात आलं नाही!

पहिल्या प्रयोगाच्या संध्याकाळी क्विरिन मला म्हणाला, "मावशी, नाताळपर्यंत मास्तर हो म्हणाले नाहीत तर ब्रेमेनहून अमेरिकेची बोट धरतो. तिथे तरी कुणी मेलेला म्हणणार नाही." हसत म्हणाला, पण डोळे हसत नव्हते. मी थिएटरातल्या रीतीप्रमाणे, प्रयोग नीट पार पडावा म्हणून, त्याच्या डाव्या खांद्यावरून तीनदा थू थू थू केलं.

"आभारी आहे," तो म्हणाला.

"अरे गाढवा! थुंकीचे आभार मानायचे नसतात! आता काहीतरी होणार बघ."

झालंच. शेवटचा प्रवेश. ओट्टमार तिसऱ्या रांगेत, शेजारी वाल्ली. आपल्या शिळांवरची नावं वाचणार म्हणून म्हातारा कडक कॉलर लावून आला होता. हवालदार झालेला नट एकेक नाव वाचू लागला. प्रत्येक नावानंतर शांतता, कुठे एखादा हुंदका. मग त्याने खणखणीत आवाजात पुकारलं, "लाउबर, क्विरिन!"

माझ्या डोळ्यांसमोर दोन पांढऱ्या टाचा एकमेकींवर आदळल्या. पीठ उडालं.

"हजर!"

शिपाईगिरीची सवय हो, दुसरं काय. नट गडबडला आणि नाटकातलं पुढचं वाक्य बोलून गेला. "हा मेला. पुढे चला."

"मेलो नाही!" क्विरिन ओरडला. सात वर्षांचा राग त्या आवाजात होता. "कुठेही जाणार नाही मी पुढे!"

वरच्या गॅलरीतून कसाईण गरजली, "मेला कसला! सकाळी याच्याकडून पाव घेतलाय मी, करपलेला!"

सगळं थिएटर फुटलं. नटाने घामाघूम होऊन माझ्या खोपटाकडे पाहिलं. वाक्य द्या, वाक्य! संहिता माझ्या मांडीवर होती. मी ती मिटली आणि कुजबुजले, "कोण म्हणतं हा मेला?"

"कोण म्हणतं हा मेला?" बिचाऱ्याने इमानाने म्हटलं.

क्विरिनने बोट दाखवलं. "ते. तिसऱ्या रांगेतले ओट्टमार मास्तर."

एकदम चिडीचूप. झांडरला हवी होती तीच शांतता, पण भलत्या जागी. वाल्ली हळूच म्हणाली, "बाबा, बोला ना. मी किती वर्षं थांबू?"

म्हातारा उठला. कॉलर सैल केली. क्विरिनकडे पाहिलं, मग लेकीकडे.

"दगड चुकला," तो म्हणाला. आणि लगेच दरडावून, "शनिवारी यात्रा. तिरडी धरायला माणसं लागतील. शिळा जड आहे."

टाळ्या अशा पडल्या की झांडर पडद्यामागे रडला. आनंदाने की कसा, मी विचारलं नाही.

शनिवारी अख्खं गाव लोटलं. पुढे बँड, मग तिरडीवर शिळा, आणि तिरडीच्या पुढच्या दांड्याला खुद्द क्विरिन. मेलेल्यानेच आपली तिरडी वाहिलेली आमच्या गावाने तेवढी एकदाच पाहिली. मागे ओट्टमार, रीतीप्रमाणे गळा काढायला. पोरं ओरडत होती, "मोठ्याने, मास्तर! ऐकू येत नाही!"

पाथरवटाच्या अंगणात खड्डा तयार होता. ओट्टमारने शिळेवरून हात फिरवला, आणि आता तो खरोखर रडत होता.

"सगळ्यात सुंदर अक्षरं हीच," तो म्हणाला. "कोरत होतो तेव्हा ही पोर शेजारी बसून रडायची. मी बाप, मला दुसरं काय करता येत होतं? अक्षरं तेवढी चांगली काढली. ती कशी फोडू?"

वाक्यं पुरवणं हा माझा धंदा, पण इथलं वाक्य क्विरिननेच पुरवलं. त्याने म्हाताऱ्याचा खांदा धरला. "मास्तर, पुरायची तर आमच्या दारात पुरा. अक्षरं खाली, पाठ वर. आम्हाला पायरी लागणारच आहे."

नाताळाच्या आधी लग्न झालं. ओट्टमारने स्वतः ती शिळा बेकरीच्या दाराशी पालथी बसवली, पाणसळ लावून, कारण बेर्नहार्ड झाला म्हणून काय तो वाकडा बसवायचा? बटाट्याचे गोळे आणि भाजलेल्या बदकाचा वास आतून येत होता. पाय ठेवताना मी जरा थबकले.

"या, मावशी, खुशाल पाय द्या," आतून क्विरिन ओरडला. "खाली कुणी नाही!"

मी त्याच्या नावावर पाय ठेवला आणि जेवायला आत गेले.