मंगळवार ठरला तेव्हा

माझं माहेर आंबोलीचं. आमच्याकडे पाणी वरून पडतं, खाली वाहून जातं, परत उलटं येत नाही. इथे कर्लीच्या काठी सासरी आले तर ही नदी दिवसातनं दोनदा समुद्राकडनं माघारी येते. पाच वर्षं झाली, मला अजून सवय नाही.

गेल्या मे महिन्यात हे मुंबईहून रजेवर आले आणि धाकट्या दिरांना म्हणाले, होडी काढूया. वर जाऊन जुव्यावर रात्र काढायची. जुवा म्हणजे नदीच्या मधला वाळूचा पट्टा, चार झुडपं आहेत त्यावर. तिथेच चूल मांडायची, गरी टाकून बसायचं, तांबोशी मिळाली तर भाजायची, सकाळी घरी. मी आत भाकऱ्या थापत ऐकत होते. जाऊ देत, म्हटलं, आपलं काय.

तर सासरे म्हणाले, "पोराक पण घेवन जावा. चार वर्सांचो झालो, पाण्याक भिता. आवशीवर गेलो."

आवशीवर म्हणजे माझ्यावर. माझा हात परातीतच राहिला. माझा मुलगा, रात्रभर, पाण्याच्या मध्ये. आणि बाहेर पुढचं बोलणं चाललंसुद्धा होतं.

सासऱ्यांनी बुधवार सांगितला. "आठमी आसा. पाणी चढणा नाय जास्त."

सासूबाई सुपारी कातरत होत्या. "म्हणजे मासे घराक येतले गुरवारी. गुरवारी माझ्या घरात मासो शिजाचो नाय."

"मग शुक्रवारी जातंव," हे म्हणाले.

"शनवारी येतलास. शनवार मारुतीचो."

"आयतवारी?"

"सोमवारी कोण खातलो? तुझो बापूस?"

दीर हसायला लागले. मग बोटांवर वार मोजता मोजता सगळे मंगळवारावर आले. मंगळवारी जायचं, बुधवारी यायचं, दोन्ही दिवस मोकळे. सासूबाई खूश. सासरेसुद्धा म्हणाले, बरा झाला. कालवणात तिरफळं किती घालायची इथपर्यंत बोलणं गेलं.

मी आत तोच हिशेब करत होते, माझ्या अडाणी डोक्याने. बुधवारी अष्टमी, तर पुढच्या बुधवारी अवस. मंगळवारची रात्र म्हणजे अवसेच्या तोंडावरची रात्र. अवसेला उधाण येतं, भरती सगळ्यात मोठी. सासऱ्यांसमोर मी कधी बोलत नाही, पण पिठाच्या हातानेच दारात आले.

"मंगळवारी रातीक जुवो आसतलो?"

"वयनी, जुवो खंय जातलो?" दीर म्हणाले. "मुंबैक?"

"मागच्या अवसेक गेल्लो. मी कपडे धुय होतंय. बघता बघता झुडपांचे शेंडे तेवढे रवले."

कोणी हसलं नाही. ह्यांनी सासऱ्यांकडे बघितलं, सासऱ्यांनी नदीकडे. मला वाटलं होतं ओरडतील, खुळी म्हणतील. त्यांचे ते चेहरे बघून मी जास्त घाबरले. जन्म पाण्यात गेलेली माणसं ही, उधाण काय ते ह्यांना मी सांगायचं, आणि माशाचा वार बघता बघता पाणीच विसरली. मी आत भाकऱ्या थापत राहिले असते तर?

"बुधवारीच जावा," सासरे हळू आवाजात म्हणाले. "गुरवारी मीठ लावन भायर ठेवा मासे."

सासूबाईंनी सुपारी परत कातरायला घेतली.

"आणि झील?" मी माझ्या पोराचं विचारलं.

"झील जातलो," सासरे म्हणाले. "दिवस बदललो मा आता? मग?"

परत आत जावं, चूल बघावी, असंच शिकवलंय मला. पण तोंडातनं निघून गेलं, "तर मग मी पण येतंय."

दिरांच्या हातातली गरीची दोरी खाली पडली. बायका जुव्यावर राहत नाहीत, कोणी राहिलेली मी ऐकलेली नाही. मला तर पोहताही येत नाही.

"मगे हय आमका कोण रांधतला?" सासूबाई म्हणाल्या.

हे खाली बघत होते, पण नको म्हणाले नाहीत. बुधवारी सकाळी बरोबर न्यायचे तांदूळ मीच काढले. सगळ्यांचे मोजून झाल्यावर माझी मूठ घातली.