ज्ञानदाताईची पट्टी

डोकं फिरलंय माझं, अन् ते मी लपवणार नाही. मी नीलकंठ, रायपूरच्या शंकर नगरातल्या एका सरकारी ऑफिसात खरेदीच्या फायली पाहतो. आमच्या ज्ञानदाताईले जन्मापासून दिसत नाही. वीस वर्षं तिनं ऑफिसचा टेलिफोन बोर्ड चालवला. शेकडो नंबर तिले तोंडपाठ. बोर्ड बंद झाला तशी ती कॉम्प्युटर शिकली. पडद्यावरचा मजकूर हेडफोनमध्ये ऐकायची अन् टाइप करायची. आता कानही जवळजवळ गेले. आयुष्यभर हेडफोन लावल्यावर काय होणार!

राहिली बोटं. कॉम्प्युटरले जोडायची एक पट्टी येते. पडद्यावरची ओळ तिच्यावर ब्रेलच्या टिपक्यांनी उठते, बोट फिरवून वाचायची. महिनाअखेर ती आली नाही तर ताईले टेबलावरून उठवून गेटजवळच्या बाकावर बसवायचं, असं नव्या साहेबानं ठरवलं. तिथं काम काय? काही नाही. हजेरी लावायची अन् बसून राहायचं.

पट्टी विकणारा माझ्या माहितीत अख्ख्या देशात एकच. गेल्या वर्षी दीड लाख, यंदा अडीच. मी फोनवर विचारलं, "भैया, इतना क्यों बढ़ाया?" खी खी करून हसला साला. म्हणे, "तो किसी और से ले लीजिए."

वर आमचा नियम, तीन दुकानांची कोटेशनं पाहिजेत. एकाच कोटेशनावर फाइल दोनदा परत आली. मी पुन्हा फोन केला, तर म्हणे, "हो जाएगा सर." अन् आठवड्यात खरंच आणखी दोन कोटेशनं आली, दुसऱ्या नावांची, दुसऱ्या शहरांची. ह्याचाच भाव सर्वांत कमी, पण आता पावणेतीन! तरी मी खूश. ताईच्या कानाशी ओरडून तिन्ही कागद वरपासून खालपर्यंत वाचले.

"थांब रे. शेवटच्या कागदावरचा मोबाईल नंबर पुन्हा सांग."

सांगितला.

"पहिल्यावरही हाच आहे."

पाहिलं तर हव, तोच! डोळे असून मले दिसलं नव्हतं. अंगाची लाही लाही झाली.

"सोडत नाही त्याले! आत्ता लिहून देतो साहेबाले."

"लिहिलं तर पट्टी येते का, नीलकंठ?"

तिची बोटं टेबलाच्या कडेवरून फिरत होती.

फायलीवर मी लिहिलं, 'तीन दुकानांच्या दरांची तुलना केली. सर्वांत कमी दर मान्य करावा.' खाली सही केली. आजवर फायलीत एक अक्षर खोटं लिहिलं नव्हतं. त्या चोरानं तेही माझ्याकडून करवून घेतलं.