पाळीपत्रकाला चौकट आली

पोलीस खात्यातून निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली. हाताखालून गेलेले कितीतरी गुन्हे आता एकमेकांत मिसळून गेलेत. कोणता आरोपी कोणत्या ठाण्याचा, हेही कधी कधी सांगता येत नाही. पण देवळाली प्रवरा भागातल्या एका गावातली ही केस मात्र मनातून हलत नाही. कुणाचंही नाव लिहिणार नाही. घडलं ते मात्र जसंच्या तसं लिहितो.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. मी त्या भागाचा पोलीस उपअधीक्षक होतो. एका सकाळी ठाण्याच्या तपासणीला गेलो, तर बाकावर एक बाई बसलेली. पन्नाशीच्या आतली, पदर कमरेला खोचलेला, लुगडं गुडघ्यापर्यंत चिखलानं भरलेलं. ठाणे अंमलदार मला बघून उठला आणि हळूच म्हणाला, "साहेब, पाटाच्या पाण्यावरून भांडण आहे. अदखलपात्र नोंद घेतोय, पण बाई ऐकत नाहीत."

तिनं ते ऐकलं. "मालकाचं डोकं फुटलंय, हात मोडलाय. नगरच्या दवाखान्यात नेलंय त्यास्नी. आन् हे म्हनत्यात, भांडन हाय. मी उठनार न्हाई साहेब. लिहून घ्या, मंगच उठते."

मी अंमलदाराला बाजूला केलं आणि स्वतः समोर बसलो. तिची हकीकत साधी होती. त्यांचं बौद्ध कुटुंब. सासऱ्यांनी छप्पन्न साली दीक्षा घेतलेली. चारीच्या, म्हणजे पाटाच्या लहान फाट्याच्या, शेवटाला त्यांची थोडी जमीन होती. पाणीवापर संस्थेनं लावलेल्या पाळीपत्रकाप्रमाणे त्या मंगळवारी सकाळची पाळी त्यांची होती. नवऱ्यानं चारीचं दार उघडून पाणी वावरात घेतलं. तेवढ्यात संस्थेच्या अध्यक्षांचा पुतण्या दोघा गड्यांना घेऊन आला. त्यानं जातीवरून शिवी दिली, "तुमाला कशाला पाटाचं पानी?" म्हणाला आणि खोऱ्याच्या दांड्यानं मारलं. नवरा चारीत पडला. तिनं एकटीनं त्याला बाहेर ओढून काढलं होतं.

फिर्याद नोंदवली. अॅट्रॉसिटीचं कलम लागलं की तपास उपअधीक्षकाकडे येतो, म्हणून तो माझ्याकडे आला. पुतण्याला ताब्यात घेतलं आणि खरा प्रकार तिथून सुरू झाला.

दोन-तीन दिवसांनी अध्यक्ष स्वतः माझ्या कार्यालयात आले. पांढरेशुभ्र कपडे, गोड भाषा. सोबत संस्थेचा सचिव, पंचविशीतला पोरगेला माणूस, काखेत फाईल. त्यांनी पाळीपत्रक टेबलावर ठेवलं. संगणकावर टाईप केलेलं, सगळीकडे काळ्या रेघांची चौकट. मंगळवार सकाळच्या ओळीत पुतण्याचं नाव होतं. फिर्यादी बाईच्या नवऱ्याचं नाव दोन दिवस पुढं.

"आता तुम्हीच बघा साहेब," अध्यक्ष म्हणाले. "पाणी चोरलं त्यांनी. पोरगं अडवायला गेलं, झटापट झाली. पाय घसरून पडला माणूस. जातीचा काय संबंध? हा कागद महिनाभर संस्थेच्या भिंतीवर आहे. सगळ्या गावानं वाचलाय."

मी कागद ताब्यात घेतला, पोच दिली. त्याच आठवड्यात फोन सुरू झाले. एका पुढाऱ्यानं चहाला बोलावलं, मी गेलो नाही. एका वरिष्ठांनी सुचवलं, "मारहाणीचं कलम ठेवा, दुसरं काढून टाका. कागद त्यांच्या बाजूचा आहे." मी म्हणालो, "सर, कागद तपासून मगच बोलतो." ते बोलणं त्यांना आवडलं नाही, हे फोन ठेवण्याच्या आवाजावरून कळलं.

मी चारीवर गेलो. पाटकऱ्याला, म्हणजे पाणी सोडणाऱ्या माणसाला विचारलं, पाळी कुणाची होती? तो म्हणाला, "साहेब, कागदात आसंल तसं." गावात विचारलं तर माणसं आभाळाकडं बघायची. गाव गप्प बसलं म्हणजे गावाला माहीत नाही, असा अर्थ कधी काढू नये. ज्याला खरंच माहीत नसतं, तो उलट जास्त बोलतो.

मग एका दुपारी कार्यालयात फोन आला. आवाज म्हाताऱ्या माणसाचा, मागं रस्त्यावरच्या गाड्यांचा गोंगाट.

"नाव इचारू नका साहेब. भिंतीवरचा कागद बदललाय. पयल्या कागदाला रेघा न्हवत्या. आमी बोट धरून वाचायचो, ह्या वळीतनं त्या वळीत जायचं बोट. आता रेघा कुठनं आल्या, ते इचारा तेंला."

फोन ठेवला गेला. दुसरा कुणी असता तर कदाचित म्हणाला असता, रेघांचं काय घेऊन बसलात! पण माझी गोष्ट वेगळी होती. काही महिन्यांपूर्वीच मुख्यालयात आम्हा अधिकाऱ्यांना संगणकाचं जुजबी प्रशिक्षण दिलं होतं. तक्ता करायचा धडा होता. पडद्यावर प्रत्येक रकान्याभोवती फिकट, तुटक रेघा दिसत होत्या. प्रिंट काढला तर कागद कोरा. मजकूर तेवढा उमटला, रेघ एकही नाही. शिकवणारा म्हणाला होता, "पडद्यावर दिसते ती ग्रिडलाइन. टाईप करणाऱ्याच्या सोयीसाठी असते, ती छापली जात नाही. कागदावर रेघ हवी असेल, तर मेनूत जाऊन बॉर्डर द्यावी लागते." आमच्यातल्या निम्म्या लोकांना ते पटलंच नव्हतं. डोळ्यांना दिसतंय ते कागदावर का येऊ नये?

मी पंच घेऊन संस्थेच्या कार्यालयात गेलो. संगणक होता, पण त्यातलं पाळीपत्रक पुसलेलं. फ्लॉपी हरवल्याचं सांगितलं. मी म्हणालो, हरकत नाही, संगणक आल्यापासून जे जे छापलंय ते सगळं काढा. सभासदांची यादी, सभांच्या सूचना, आधीच्या हंगामांची पाळीपत्रकं. कपाटातून गठ्ठा निघाला. एकाही तक्त्याला छापलेली रेघ नव्हती. काही ठिकाणी कुणी तरी पट्टी लावून पेनानं रेघा मारल्या होत्या. छापलेली चौकट होती ती फक्त माझ्या टेबलावर आलेल्या त्या एका कागदाला. पंचनामा केला, सगळं जप्त केलं आणि सचिवाला चौकशीसाठी बोलावलं.

त्याच्यावर हात उचलायचा नाही, असं मी शिपायांना आधीच बजावलं होतं. मार खाऊन बोललेला माणूस न्यायालयात फिरतो. त्याला चहा दिला आणि घरच्यांची चौकशी केली. मग गठ्ठ्यातले जुने कागद आणि चौकटीचं पाळीपत्रक शेजारी शेजारी ठेवलं.

"हे सगळे तूच टाईप केलेस?"

"व्हय साहेब."

"मग यांना रेघा नाहीत, आणि याला आहेत. असं का?"

तो लगेच म्हणाला, "कॉम्प्युटरवर पहिल्यापासून रेघा दिसतात साहेब. तक्ता घातला की आपोआप येतात."

"दिसतात. छापल्या जातात का?"

मी त्याला आमच्या संगणकासमोर बसवलं. "एक तक्ता घाल आणि छाप." त्यानं घातला, छापला. कागद बिनरेघांचा निघाला.

"आता रेघा दे."

त्यानं मेनू उघडला आणि बिनचूक बॉर्डर दिली. छान चौकट उमटली.

"म्हणजे तुला येतं. गेल्या हंगामात येत नव्हतं. शिकलास कुठं?"

खोटं बोलणाऱ्यानं 'काय केलं' याचं उत्तर पाठ केलेलं असतं. 'कुठं शिकलास' हा प्रश्न त्यानं मनात धरलेला नसतो. सचिवानं छापलेला कागद उलटा ठेवला. मग म्हणाला, "राहात्याला. एका क्लासमध्ये."

"जवळ राहुरी आहे, श्रीरामपूर आहे. राहाता कशाला गाठलंस?"

याचं उत्तर मला लागतच नव्हतं. ओळखीचं कुणी भेटू नये म्हणूनच माणूस जवळचं गाव सोडून लांब जातो.

दुसऱ्या दिवशी मी राहात्याला त्या क्लासमध्ये गेलो. शिकवणाऱ्या बाई तिशीतल्या, नेमकं बोलणाऱ्या. त्यांनी सचिवाला फोटोवरून लगेच ओळखलं. "आठवडी बाजाराच्या दिवशी आले होते. आमचे विद्यार्थी बसलेले, तरी म्हणाले, आत्ताच पाहिजे. फ्लॉपीत पाण्याच्या पाळ्यांचा तक्ता होता. मी विचारलं, काही दुरुस्ती करायची का? तर म्हणाले, नाव मी बदललंय, तुम्ही रेघा तेवढ्या द्या."

"नाव बदललंय, असं म्हणाले?"

"हो. मला वाटलं, टायपिंगची चूक असेल."

बाईंच्या फीच्या वहीत तारीख होती, तो बाजार मारहाणीनंतरचा होता. महिनाभर भिंतीवर असलेल्या कागदाला मारहाणीनंतर रेघा कशा द्यायच्या राहतात?

सचिवाला हे सांगितलं तेव्हा तो रडला. म्हणाला, "अध्यक्ष म्हनले, नाव बदल. मी बदललं. प्रिंट काढली तर म्हनले, असला उघडाबोडका कागद पोलिसांपुढं न्यायचा का? चौकटी पाहिजेत, सरकारी दिसलं पाहिजे. मला येत न्हवतं, म्हनून गेल्तो." पुढं त्यानं दंडाधिकाऱ्यांसमोर तसा जबाब दिला.

कागद खोटा ठरला. पण मूळ कागदावर नाव कुणाचं होतं, हे सांगणारा साक्षीदार हवा होता. तो आपल्या पायांनी आला. सत्तरीतला शेतकरी, डोक्याला फेटा, हातात काठी. गावातल्याच एका मोठ्या भावकीतला, अध्यक्षांचा लांबचा नातेवाईक. तोंड उघडताच मी आवाज ओळखला.

"आबा, फोन तुम्हीच केला होता?"

"व्हय. फोनवर बोलनं सोपं आस्तं साहेब. काल ती बाई एकटी वावरात राबत हुती, सगळ्यांच्या देखत. तिनं तोंड लपवलं न्हाई, मंग मी कशाला लपवू? माझी पाळी त्यांच्या मागनं हुती. मंगळवारी सकाळी तेंचंच नाव हुतं. मी बोट ठिवून वाचलंय. लिवा."

"भावकी वाळीत टाकेल."

"टाकू द्या. ह्या वयात कुनाच्या पंगतीला जायचंय मला?"

अध्यक्षांना अटक केली त्या दिवशी ठाण्यासमोर गर्दी जमली. घोषणा झाल्या. मधल्या काळात कुणी तरी त्या बाईकडे तडजोडीचा निरोप पाठवला होता, दवाखान्याचा सगळा खर्च देतो म्हणून. तिनं निरोप्याला अंगणात उभं करून सांगितलं, "आमी पाळीचं पानी मागितलं हुतं, भीक न्हाई. जा, सांग त्यास्नी." हे तिनं मला नंतर सांगितलं, तेही मी विचारलं म्हणून.

माझ्या बदलीचा आदेश निघणार, हे मला आधीच कळलं होतं. दोन हवालदारांना घेऊन मी कागदपत्रांत बुडालो. आरोपपत्र न्यायालयात दाखल झालं, सगळ्या कलमांसह. त्यानंतर आदेश हातात पडला: दुसरा जिल्हा, प्रशिक्षण विभाग. खात्यात अशा जागेला शिक्षा म्हणत नाहीत, पण सगळ्यांना अर्थ कळतो. मी आदेशावर सही केली आणि कुणालाही फोन केला नाही.

कार्यभार सोडण्याआधी त्या गावावरून गेलो. पुढची पाळी चालू होती. बाई वावरात दारं मोडत, म्हणजे एका वाफ्याचं पाणी दुसऱ्यात वळवत होती. नवरा घरी आला होता, गळ्यात हात अडकवून बांधावर बसलेला. त्या हातात पूर्वीची ताकद पुढं कधीच आली नाही.

"साहेब, तुमी चाललात म्हनं?" तिनं विचारलं.

"हो. माझ्या जागी दुसरे साहेब येतील."

"येऊ द्या की. त्यास्नी बी सांगीन." एवढं बोलून ती पुन्हा पाण्याकडे वळली. आभार वगैरे काही नाही. मलाही ते नको होते. मी माझं काम केलं होतं, ती तिचं करत होती.

काही वर्षांनी साक्षीला गेलो. आरोपीच्या वकिलांनी मला हसत विचारलं, "म्हणजे केवळ चार रेघांवरून तुम्ही एका प्रतिष्ठित माणसाला गुन्हेगार ठरवलंत?"

मी म्हणालो, "रेघा त्यांनीच मागवल्या होत्या. मी फक्त कधी मागवल्या ते शोधलं."

पुतण्याला शिक्षा झाली. सचिवाला सौम्य झाली. अध्यक्षांना खालच्या न्यायालयात झाली आणि अपिलात ते सुटले, कारण नाव बदलायचा हुकूम त्यांनीच दिला हे पुरेसं सिद्ध झालं नाही, असं वरच्या न्यायालयाचं मत पडलं. तो निकाल मला मान्य करावा लागला. पटला मात्र कधीच नाही, आणि हे छापून यायला माझी हरकत नाही.

या केसनं मला काय शिकवलं, असं लोक विचारतात. तपासापुरतं सांगायचं तर हेच, की बनावट कागद बहुधा खऱ्यापेक्षा नीटनेटका असतो. खऱ्या कागदाला कुणाला काही पटवून द्यायचं नसतं, म्हणून तो वेडावाकडा असला तरी चालतो.

पण एवढं शिकायला बदली कशाला लागते? खरं शिकलो ते दुसरंच. त्या काळात मला भेटलेला प्रत्येक शहाणा माणूस सांगत होता, की बाब किरकोळ आहे, एका पाळीचा प्रश्न आहे, ताणू नका. पाळीवर नाव कुणाचं, हा प्रश्न ज्याला किरकोळ वाटतो, त्याचं नाव आजवर कुणी खोडलेलं नसतं. आज ती फाईल पुन्हा माझ्यापुढं ठेवा. मी तीच कलमं लावीन, एकही कमी करणार नाही.